अनधिकृत गटांची हजेरी

नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मी चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली एकतीस वर्षं दर तासाला आकडे लिहिले. कंट्रोल रूममध्ये भिंतभर मीटर असत. तास भरला की उठायचं, एकेका मीटरपुढे उभं राहायचं आणि लॉगशीटच्या रकान्यात आकडा टाकायचा. जो काटा हलत नाही त्याच्यापुढे ‘बंद’ लिहायचं आणि वर कळवायचं. विचार करायला साहेब लोक होते. निवृत्तीला शाल, नारळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. घड्याळ घरी लावलं आणि पंचाईत झाली, कारण तास भरला की मी उठून उभा राहायचो. मीना, म्हणजे आमची सौभाग्यवती, पहिला आठवडा काही बोलली नाही. दुसऱ्या आठवड्यात तिने घड्याळातला सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घातला.

अशा मोकळ्या सुटलेल्या माणसाच्या हाती ‘पानओल’ लागलं, यात पानओलचा काही दोष नाही.

पानओल हे द्राक्षवाल्यांसाठीचं फुकट ॲप. वेलाचं पान किती तास ओलं राहिलं, हवा किती उबदार होती, यावरून ते सांगतं की आज डाऊनीचा धोका किती. डाऊनी म्हणजे घडांचा सत्यानाश करणारी बुरशी. धोका जास्त असेल तर फवारा, कमी असेल तर औषधाचे पैसे वाचवा. हे ॲप कुणा कंपनीचं नाही. त्याचा सगळा कोड उघड्यावर ठेवलेला आहे. ज्याला जमेल त्याने सुधारावा, ज्याला हवा त्याने वापरावा. चाळीसएक पोरंपोरी आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे काम करतात आणि त्यांची म्होरकी पल्लवी, गंगापूर रोडला राहते. मला कोड येत नाही. द्राक्षबागही नाही. जेल रोडच्या आमच्या गच्चीवर अर्ध्या पिंपात लावलेला द्राक्षाचा एक वेल आहे. एकच. पण उघडं ठेवलंय म्हटल्यावर मी आत शिरलो, आणि पहिल्या महिन्यात एक्केचाळीस सूचना पाठवल्या. त्यातल्या एकोणचाळीस, अक्षरं मोठी करा, अशा होत्या.

पल्लवी मोठी गुणी मुलगी. तिने मला हाकललं नाही, काम दिलं. पानओल वापरणाऱ्या शेतकऱ्यांनी आपापले गप्पांचे गट काढले होते, कुणी व्हॉट्सॲपवर, कुणी टेलिग्रामवर. ते प्रकल्पाचे अधिकृत गट नव्हते, पण खरी विचारपूस तिथेच चालायची. नव्या माणसाला आपल्या भागातला गट सापडावा म्हणून त्या सगळ्यांची एक यादी आमच्या संकेतस्थळावर असावी, असं तिला वाटत होतं. काका, एवढं एक पान तुम्ही सांभाळाल का, असं तिने विचारलं. आता मला कळतं की तिला मी कुठेतरी गुंतलेला हवा होतो, ओट्यावर लुडबुडणाऱ्या पोराच्या हाती कणकेचा गोळा देतात तसा. तेव्हा मात्र मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

दोन महिन्यांत मी चौदा गट शोधले. पानओल सायखेडा, भुरी हटाव (भुरी ही द्राक्षावरची दुसरी बुरशी), फवारणी कट्टा, मोहाडी शिवार, डाऊनीग्रस्त मंडळ. पानाच्या डोक्यावर ठळक लिहिलं, ‘हे गट अनधिकृत आहेत. प्रकल्प त्यांच्यातील मजकुराला जबाबदार नाही.’ त्याखाली तक्ता. गटाचं नाव, गाव, सदस्यसंख्या, जबाबदार व्यक्ती, तिचा फोन, स्थिती आणि शेरा. शेऱ्याचा रकाना पल्लवीने मागितला नव्हता. तो मी माझ्या पदरचा घातला. सायखेड्यापुढे लिहिलं, ‘विषयांतर फार. दि. ६ रोजी एका सदस्याने म्हैस विकण्याचा प्रयत्न केला.’ भुरी हटावपुढे लिहिलं, ‘सुप्रभात संदेशांचे प्रमाण चिंताजनक.’

स्थितीचा रकाना मात्र माझा जीव की प्राण. चालू, मंद किंवा बंद. पण गट चालू आहे हे ओळखायचं कसं? एकतीस वर्षांच्या सवयीने मी सोपा मार्ग काढला. दर सोमवारी सकाळी दहाला मी प्रत्येक गटात संदेश टाकायचो, ‘चालू आहे का? कृपया गटातील एका जबाबदार व्यक्तीने उत्तर द्यावे.’ उत्तर आलं की चालू. दोन दिवसांनी आलं की मंद. तीन दिवसांत आलं नाही की बंद. सोमवारचं पुरेना म्हणून गुरुवारही धरला. तासातासाला विचारलं नाही, एवढाच माझा संयम.

सुरुवातीला उत्तरं आली. मोहाडीच्या सुवर्णाताई तर स्वतःच्या गटाबरोबर शेजारच्या दोन गटांचंही ‘चालू’ लिहून पाठवायच्या. मोहाडीत त्यांची तीन एकर बाग, आणि तालुक्यातले अर्धे गट त्यांच्याच हौसेवर उभे राहिलेले. मग हळूहळू उत्तरं उशिरा यायला लागली. नुसता अंगठा यायला लागला. अंगठ्याला उत्तर धरायचं का, यावर मी दोन दिवस विचार केला आणि धरायचं नाही असं ठरवलं. दिवाळीपर्यंत चौदापैकी तेरा गट माझ्या तक्त्यात बंद पडले होते. उरलेला एक डिस्कॉर्ड नावाच्या तिसऱ्याच ॲपवरचा होता, सोमवारी आणि गुरुवारी दहाच्या ठोक्याला ‘चालू’ म्हणायचा. मी त्याच्यापुढे ‘आदर्श’ असा शेरा मारला. पुढे पल्लवीने सांगितलं की तिथे माणूस कुणीच उरलेला नाही, प्रश्नाला ठरावीक उत्तर देणारा एक छोटा प्रोग्रॅम कुणीतरी लावून ठेवला आहे.

मी पल्लवीला अहवाल दिला. लोकांचा उत्साह ओसरला आहे, समाज निष्क्रिय आहे, असं त्यात होतं. ‘समाज निष्क्रिय आहे’ हे लिहिताना मला बरंच वाटलं, हे कबूल करतो.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, पल्लवीचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. शनिवारी पानओलची नवी आवृत्ती बाहेर पडली होती आणि तिच्यात चूक राहिली होती. पान दहा तास ओलं राहिलं असेल तर ॲप पाचच तास धरत होतं. म्हणजे जिथे धोका गळ्याशी आलेला, तिथे ते खुशाल ‘धोका कमी, फवारणी नको’ असं दाखवत होतं. एरवी हे खपून गेलं असतं. पण आदल्या रात्री दिंडोरी आणि निफाडच्या पट्ट्यात पाऊस झाला होता आणि सकाळपासून दाट धुकं होतं. ऑक्टोबरच्या छाटणीच्या बागा ऐन फुलोऱ्यात होत्या. फुलोऱ्यात डाऊनी शिरली तर घड जागच्या जागी तपकिरी पडतो आणि गळतो. वर्षाचं पीक, आठवड्यात. संध्याकाळच्या आत फवारा पडला तर वाचेल, नाहीतर नाही.

चूक दुरुस्त करायला तिला रात्र होणार होती. आणि लोकांना कळवायला पानओलकडे कुणाचाही नंबर नव्हता. वापरणाऱ्यांचे नंबर, नावं काहीही साठवायचं नाही, हे या लोकांचं तत्त्व. म्हणून ती मला म्हणाली, “काका, तुमची यादी काढा. आज तिचाच आधार आहे.”

एवढ्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी ताठ बसलो. इशारा लिहिला, विषय आणि संदर्भ क्रमांकासकट, आणि चौदाच्या चौदा गटांत टाकला. बंद काय अन् चालू काय, सगळीकडे. मग वाट पाहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. डिस्कॉर्डवरून ‘चालू’ असं उत्तर आलं.

मी मोहाडी शिवार उघडून संदेश किती जणांनी वाचला ते पाहिलं. एकाने वाचला होता. सदस्यांची संख्या पाहिली. माझ्या तक्त्यात दोनशे बारा होती. तो आकडा मी पहिल्या दिवशी लिहिला होता आणि नंतर कधी पाहिला नव्हता. आता तिथे तीन होते. मी, एक खतांचा विक्रेता आणि एक नंबर, ज्याच्या फोटोत नुसता ट्रॅक्टर होता. सायखेड्यात दोन, त्यातला एक मी. बाकी ठिकाणी तीच गत. माणसं गुपचूप उठून गेली होती आणि मी रिकाम्या खुर्च्यांची हजेरी घेत होतो.

पल्लवीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “असं कसं होईल? आज सकाळपासून नऊशे बागांसाठी ॲपवर हवामान पाहिलं गेलंय. नऊशे. ते लोक कुठेतरी बोलत असणारच ना, काका?”

मी तक्त्यातले फोन लावायला घेतले. सुवर्णाताईंचा नंबर सारखा व्यस्त. त्यांनी माझा नंबर ब्लॉक करून टाकलाय हे मला तिसऱ्या वेळी कळलं. आठ जणांनी उचलला नाही. सायखेड्याच्या योगेशने उचलला. मी म्हटलं, योगेशराव, पानओलकडून शिरसाठ बोलतोय, तातडीचं आहे. मागे फवारणीच्या ट्रॅक्टरचा नाही, कसलातरी दुसराच आवाज येत होता, बहुतेक टीव्हीचा. म्हणजे हा माणूस ॲपवर विसंबून घरी निवांत बसला होता. माझं वाक्य पुरं होण्याआधी तो म्हणाला, हां काका, चालू, चालू, लावून टाका हजेरी, आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर तोही व्यस्त.

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याचं गावाने ऐकलं नाही, हे एक वेळ समजू शकतो. मी तर दर सोमवारी आणि गुरुवारी लांडगा आला नाही ना, एवढंच विचारत होतो. तरी परिणाम तोच.

मी स्कूटर काढली. मीनाने विचारलं कुठे, तर म्हटलं मोहाडीला. तिने हेल्मेट आणून दिलं आणि एवढंच म्हणाली की तिथे कुणाच्या चुका काढू नका. पंचवीस-तीस किलोमीटर मी कसा गेलो ते आठवत नाही. धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागा, आणि जवळपास कुठेच फवारणीचा आवाज नाही. एरवी अशा सकाळी ट्रॅक्टरांनी कान किटले असते. सगळे ॲपचं ऐकून थांबले होते. एवढी माणसं आपल्यावर विश्वास ठेवून बसलीत आणि त्यांच्यापर्यंत आपला आवाज पोचत नाही, याची मला लाज वाटली. भीतीपेक्षा लाज जास्त.

सुवर्णाताईंची बाग गावात विचारल्यावर सापडली. त्या मांडवाखाली बायांबरोबर वेलाचे शेंडे मारत होत्या. डोक्याला स्कार्फ, आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मांडवाच्या तारेला टांगलेला. मला त्यांनी फोटोवरून ओळखलं असावं. हातातली कात्री तशीच धरून त्या म्हणाल्या, “काका, आता हजेरी घ्यायला बांधापर्यंत आले का?”

बायका हसल्या. मी हसलो नाही. धाप लागलेली असताना जमेल तसं सांगितलं. ॲपचं आजचं खोटं आहे, पान दुप्पट वेळ ओलं होतं, फवारा. संदर्भ क्रमांक सांगायचं सुचलं नाही.

सुवर्णाताईंचा चेहरा पालटला. त्यांनी एक पान उलटून खालची बाजू पाहिली, दुसरं पाहिलं, मग फुलोऱ्यातला एक घड तळहातावर घेऊन नुसत्या पाहत राहिल्या. त्यांचा नवरा पंप जोडायला निघाला होता, पण सकाळी ॲप पाहून त्यांनीच त्याला थांबवलं होतं. त्याला हाक मारून त्यांनी औषध भिजवायला सांगितलं. मग तारेवरचा फोन काढला आणि तोंडाशी धरला.

“ऐका सगळे. पानओलचं आजचं धरू नका. चूक झालीया त्यांची. नाशिकहून माणूस स्वतः आलाय सांगायला, माझ्यापुढं उभा हाय. रातीच्या पावसाचं पान लय वेळ ओलं होतं. आंधार पडायच्या आत फवारा. आन् आपापल्या दुसऱ्या गटात बी टाका.”

झालं. तीस सेकंद. मी सकाळी जो इशारा लिहिला त्याचं नुसतं शीर्षक वाचायला एवढा वेळ लागला असता.

फोन थरथरायला लागला. चिमण्या उतराव्यात तशी उत्तरं उतरत होती. पालखेड, सायखेडा, वणी, कुठली कुठली. कुणी औषध कोणतं विचारत होतं, कुणी पंप मोकळा आहे का विचारत होतं, आणि मधेच एकाने म्हशीचा फोटोही टाकला. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावलो. सातशे चाळीस सदस्य. संख्या पाहून मला आनंद झाला, आणि सवयीने मी वर नाव वाचायला गेलो. सुवर्णाताईंनी पटकन अंगठा आडवा ठेवला, पण अंगठा लहान आणि नाव ठळक होतं.

गटाचं नाव ‘काकांशिवाय’ असं होतं.

मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं. आख्ख्या पानओलमध्ये पोरं काय नि शेतकरी काय, एकाच माणसाला काका म्हणत. मी खाली बसलो, मांडवाच्या खांबाला टेकून. सुवर्णाताईंनी एका बाईला चहा आणायला पाठवलं आणि माझ्याशेजारी उकिडव्या बसल्या.

चहा येईपर्यंत त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचा फोन मी यादीत टाकल्यापासून त्यांना दिवसाला दहा-दहा औषधवाल्यांचे फोन यायचे. तेवढं त्या सोसत होत्या. पण गटातल्या तानुबाईंचा नवरा गेला, त्या सोमवारी गटात सगळे गप्प होते, आणि दहा वाजता माझा संदेश आला होता, चालू आहे का. बुधवारी मी तक्त्यात ‘मंद’ लिहिलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी नवा गट काढला. बाकीच्या गावांनीही मग तसंच केलं, आणि कुणी वेगळं नाव शोधत बसलं नाही. सगळीकडे एकच.

“तुम्ही माणूस वाईट नाय, काका,” त्या म्हणाल्या. “पण रोज कुणी दाराशी येऊन जित्ते हाय का म्हणून विचारायला लागलं, तर माणूस दार लावूनच घेतो ना.”

तानुबाईंचं मला माहीत नव्हतं, एवढंच म्हणालो. माहीत कसं असणार, आम्ही मीटर पाहत होतो. शेजारच्या बागेत पंप सुरू झाला, मग त्याच्या पलीकडच्या. तासाभरात सगळ्या शिवारात फवारणीचा आवाज भरून राहिला. मी चहा संपवून उठलो आणि जाताना विचारलंच, मला या गटात घेता येईल का. सुवर्णाताईंनी जरा विचार केला. घेते म्हणाल्या, पण दोन अटींवर. हजेरी घ्यायची नाही आणि कुठल्याही यादीत हा गट टाकायचा नाही. आणि नाव बदलणार नाही, लोक गोंधळतील. मी तिन्ही मान्य केल्या.

त्या रात्री पल्लवीने दुरुस्त केलेली आवृत्ती सोडली. काही बागांचं नुकसान झालं, ज्यांच्यापर्यंत निरोप उशिरा गेला त्यांचं. योगेशची बाग वाचली; त्याला निरोप माझ्याकडून नाही, त्याच्या मेहुण्याकडून मिळाला. पल्लवीने मला यादीचं काय करायचं विचारलं. मी तक्ता पुसला. चौदा ओळी, सात रकाने, चार महिन्यांचे शेरे. त्या जागी लिहिलं, ‘अनधिकृत गट आहेत. शेजारच्या बागेत विचारा.’ पल्लवीने ते जसंच्या तसं राहू दिलं, अक्षरंही मोठी केली.

गटात मी गप्प राहिलो. एकोणीस दिवस एक शब्द लिहिला नाही. अंगठासुद्धा नाही. सोमवारी दहा वाजता बोटं शिवशिवायची तेव्हा मी फोन मीनाकडे देऊन गच्चीवर जायचो आणि पिंपातल्या वेलाची पानं उलटून बघायचो. तानुबाईंनी एकदा भुरीवर काहीतरी विचारलं, उत्तर मला ठाऊक होतं, तरी गप्प. दुसऱ्या कुणीतरी बरोबर सांगितलं.

विसाव्या दिवशी सोमवार होता. दहा वाजून गेले तशी मीना फोन घेऊन गच्चीवर आली. तुमच्यासाठी काहीतरी आलंय म्हणाली, आणि हसू दाबत होती.

‘काकांशिवाय’वर सुवर्णाताईंचा संदेश होता. “काका, चालू हाय का? लय दिवस आवाज नाय. कृपया जबाबदार व्यक्तीने उत्तर द्यावे.” त्याखाली योगेशने तेच विचारलं होतं, त्याच्याखाली तानुबाईंनी, आणि मी वाचत होतो तोवर आणखी चार-पाच जणांनी.

चष्मा पुसावा लागला. मग मी लिहिलं, ‘चालू.’ वेळ पाहिली, दहा वाजून चार मिनिटं झाली होती. कुठे लिहून ठेवली नाही.